कलाकार मानधनाचा फॉर्म भरताय? १५ वर्षांचा पुरावा आधी शोधा

तुमच्या घरात, गावात पन्नाशी ओलांडलेला कुणी शाहीर, ढोलकीवाला, सोंगाड्या, कीर्तनकार, वाघ्या-मुरळी किंवा लेखक असेल तर हे त्यांना नक्की वाचून दाखवा. ज्येष्ठ कलाकार-साहित्यिकांना दरमहा मानधन देणारी राज्य सरकारची ही योजना १९५४-५५ पासून चालू आहे, २०२४ मध्ये तिचं नाव राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना झालं आणि सगळ्यांना सरसकट महिना ५००० रुपये झाले. आधी अ, ब, क असे वर्ग होते, आणि आयुष्यभर गावोगाव फिरलेला माणूस बहुतेक वेळा क मध्ये, म्हणजे २२५० वर!

अटी सरळ आहेत. वय ५० च्या पुढे (दिव्यांगांना ४०), महाराष्ट्राचा रहिवासी, कलेत किंवा साहित्यात किमान १५ वर्षं काम, वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत आणि सरकारची दुसरी कुठली दरमहा पेन्शन चालू नको.

कागदं म्हणाल तर आधार, वयाचा दाखला, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार लिंक असलेलं पासबुक, नवरा-बायकोचा एकत्र फोटो, दिव्यांग असल्यास ते प्रमाणपत्र. हे सगळं सेतूत दोन-चार चकरा मारून होतं.

खरं अडतं ते १५ वर्षांच्या पुराव्यापाशी. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावकरी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात, त्या एका फडावर वाजवणारे, नाचणारे, तंबू ठोकणारे, ट्रकवाले, आचारी अशी कितीतरी घरं चालतात, पण ढोलकी वाजवणाऱ्याच्या हातात कागद कुठला? आमच्या शेजारच्या आण्णांचं असंच झालं, तीस वर्षं वाजवूनही पुरावा म्हणून दाखवायला काही नाही असं तेच म्हणत होते, मग काकूंनी पत्र्याच्या ट्रंकेतून साड्यांखाली घडी करून ठेवलेली जत्रेची हँडबिलं काढली, गुलाबी कागद पार विरलेला, पण तारीख आणि आण्णांचं नाव स्पष्ट. तेव्हा हँडबिलं, पेपरातली कात्रणं, आकाशवाणीची पत्रं, पुरस्कार, तारखेचे फोटो, फडमालकाचं किंवा नामांकित संस्थेचं शिफारसपत्र, जे सापडेल ते वर्षानुसार लावून स्कॅन करा, आणि मूळ कागद कुणालाही देऊन टाकू नका.

अर्ज सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, म्हाताऱ्या माणसाला ते जमत नाही तेव्हा घरातल्या पोरांनी बसून भरून द्या प्लीज. पुढे जिल्ह्याची समिती निवड करते, जिल्ह्यात वर्षाला १०० जणच घेतात म्हणून फाइल पक्की हवी. एकदा मंजूर झालं की दरवर्षी हयातीचा दाखला वेळेत द्यायचा, आणि कलाकार गेल्यावर मानधन त्याच्या जोडीदाराला चालू राहतं, म्हणून तो एकत्र फोटो आणि दोघांची नावं आधारप्रमाणेच आहेत ना हे आत्ताच बघून घ्या.