कर्तव्यवाद

कृतीची योग्यता तिच्या परिणामांवरून न ठरवता, ती ज्या बंधनाने विहित किंवा निषिद्ध ठरते त्यावरून ठरवणारी नीतिशास्त्रातील उपपत्ती. या मतानुसार वचन पाळायचे ते दिले आहे म्हणून. ते पाळल्याने कोणाचे किती हित होईल हा प्रश्न त्यानंतरचा. परिणामांचा विचार कर्तव्यवादी करतच नाहीत, हा समज मात्र बरोबर नाही. परिणाम विचारात येतात, पण शेवटचा निवाडा त्यांच्या हाती नसतो.

पाश्चात्त्य भाषांतील ‘डिऑन्टॉलॉजी’ ही संज्ञा ‘डिऑन’ (जे बंधनकारक आहे ते) या ग्रीक शब्दावरून आली. ती इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास घडवली, असे सामान्यतः मानतात. याच नावाचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३४ मध्ये जॉन बाउरिंगने संपादित करून प्रसिद्ध केला. त्यातला मजकूर कितपत बेंथॅमचा आणि कितपत संपादकाचा, याविषयी शंका घेतली जाते. बेंथॅम उपयुक्ततावादी होता, म्हणजे कृतीची योग्यता तिच्यातून होणाऱ्या सुखदुःखावरून ठरवणारा. या शब्दाने त्याला एकूण आचारशास्त्र अभिप्रेत होते, आणि ते तो सुखदुःखाच्या हिशोबावरच उभारत होता. म्हणजे हा शब्द आज ज्या मताच्या विरोधात वापरतात, त्याच मताच्या घरात तो जन्मला. त्याचा आजचा अर्थ रूढ होण्याचे श्रेय बहुधा सी. डी. ब्रॉड यांनी १९३० मध्ये केलेल्या ‘साध्यलक्ष्यी’ व ‘कर्तव्यलक्ष्यी’ या विभागणीला द्यावे लागेल. परिणामांवरूनच योग्यता ठरवणाऱ्या प्रतिपक्षाचे ‘परिणामवाद’ हे नाव तर जी. ई. एम. ॲन्स्कम यांच्या १९५८ च्या निबंधातले आहे. तेव्हा जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) कर्तव्यवादाचा मुख्य प्रवक्ता असला, तरी हे लेबल त्याचे स्वतःचे नव्हे.

कांटची मांडणी मुख्यतः १७८५, १७८८ आणि १७९७ या वर्षांतल्या तीन ग्रंथांत आहे. निरपवादपणे चांगला असा एकच : सत्संकल्प, म्हणजे योग्य तेच करण्याची इच्छा. लहान मुलालाही रास्त भाव लावणारा दुकानदार गिऱ्हाईक टिकावे म्हणून तसे वागत असेल, तर त्याची कृती कर्तव्याशी जुळते; पण ती कर्तव्यबुद्धीने झालेली नसते. ‘अमुक हवे असेल तर तमुक कर’ हा सापेक्ष आदेश. नीतीचा आदेश निरपेक्ष असतो : ज्या नियमाने तू वागतोस तो सर्वांसाठी कायदा व्हावा अशी इच्छा तुला त्याच वेळी करता येईल, अशाच नियमाने वाग. या आदेशाची तीनच रूपे असल्याचे कांट म्हणतो, कांटचे अभ्यासक एच. जे. पेटन यांनी ती पाच मोजली, आणि अभ्यासाच्या सोयीसाठी ती गणती अधिक उपयोगी पडते.

ही कसोटी लावताना आधी कृतीमागचा नियम परिस्थिती, कृती आणि हेतू या तिन्ही अंगांसह शब्दांत मांडावा लागतो : ‘पैशांची नड असेल तेव्हा, परत करता येणार नाही हे माहीत असूनही, ते मिळवण्यासाठी परतफेडीचे वचन देईन.’ मग सर्वजण निसर्गनियमाप्रमाणे असेच वागतात असे जग कल्पायचे. त्या जगात वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही, म्हणून असल्या वचनाने पैसे मिळणे अशक्य होते. नियम स्वतःलाच छेद देतो. अशा ठिकाणी पूर्ण कर्तव्य मोडते आणि त्याला सवलत नाही. कोणीच कोणाला मदत करत नाही असे जग मात्र कल्पिता येते, पण कधीतरी मदतीची गरज पडणाऱ्या माणसाला त्याची इच्छा करता येत नाही. इथले कर्तव्य अपूर्ण असते : मदत केलीच पाहिजे, पण कोणाला, केव्हा आणि किती, यात मोकळीक राहते.

कसोटी फसते ती बहुधा पहिल्याच पायरीवर. नियमात तारीख, सावकाराचे नाव, रक्कम असे तपशील भरत गेले की तो जगात एकदाच लागू पडतो आणि खोटे वचनही सुटून जाते. उलट ‘गर्दी टाळण्यासाठी नेहमीच्या आधीची लोकल पकडीन’ हा निरुपद्रवी नियम सर्वांनी पाळला तर त्याचा हेतूच हरवतो, आणि तो अनैतिक ठरू पाहतो. नियमाचे वर्णन किती ढोबळ वा नेमके असावे, हे कसोटी सांगत नाही. हेगेलने या तत्त्वावर पोकळ आकारिकतेचा (आशय नसलेला नुसता साचा असल्याचा) आक्षेप घेतला तो याच दिशेने.

म्हणून अलीकडच्या लेखनात या आदेशाच्या दुसऱ्या, माणुसकीच्या सूत्रावर अधिक भर दिसतो, आणि तो योग्य वाटतो : माणसाला केवळ साधन म्हणून न वापरता नेहमी साध्य म्हणूनही वागव. ‘केवळ’ हा शब्द गाळला तर सूत्र निरर्थक होते. टपाल आणणाऱ्याला आपण साधन म्हणून वापरतोच. ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरे ठेवता येते. माणसाला प्रतिष्ठा असते, त्याला पर्याय नसतो. दुसऱ्याच्या तोंडात बसवण्यासाठी आपला दात विकणे कांटने १७९७ मध्ये निषिद्ध ठरवले. अवयवविक्रीवरील आजच्या चर्चेत हे उदाहरण पुन्हा पुन्हा येते.

कर्तव्यवादाचे खरे बळ माणसाच्या वापरावर घातलेल्या अशा मर्यादांत आहे. एका निरोगी माणसाचे अवयव काढून पाच रुग्ण वाचतील, तरी शल्यविशारदाने तसे करायचे नाही. बेरीज कितीही अनुकूल असो, त्या एकाचा देह बेरजेत धरायचा नाही. रुग्णाची संमती, आरोपीचे हक्क, छळाला मनाई यांचे समर्थन केवळ हिताच्या हिशोबावर डळमळीत राहते.

याच ठिकाणी दुबळेपणाही आहे. दाराशी आलेल्या खुन्याला घरात लपलेल्या मित्राबद्दल खोटे सांगावे का, हा प्रश्न बेंजामिन कॉन्स्तांने काढला तेव्हा कांटने १७९७ मध्ये ‘नाही’ असे उत्तर दिले : खोटे बोलल्यावर मित्र बाहेर निसटून खुन्याच्याच हाती लागला, तर जबाबदारी तुमची. हे उत्तर बहुतेक वाचकांना पटत नाही. क्रिस्टीन कोर्सगार्ड यांच्या मते सार्वत्रिक नियमाचे सूत्र हे खोटे बोलणे चालवून घेते, माणुसकीचे सूत्र चालवून घेत नाही; निबंधाचा रोख नीतीपेक्षा कायद्याकडे आहे असेही एक मत आहे. महाभारताच्या कर्णपर्वात सत्यव्रती कौशिक लुटारूंना लपलेल्या माणसांचा ठाव सांगतो आणि नरकात जातो. तिथला निर्णय कांटच्या नेमका उलट आहे.

कर्तव्यांचा खरा संघर्ष कांटला मान्य नव्हता. डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० मध्ये तो मान्य केला आणि वचनपालन, क्षतिपूर्ती, कृतज्ञता, न्याय, परोपकार, आत्मोन्नती व अहिंसा अशी सात सकृद्दर्शनी कर्तव्ये (अधिक बलवान कर्तव्य आड येत नाही तोवर बंधनकारक असणारी) सांगितली. त्यांचा कायमचा क्रम लावला नाही. इजा न करणे हे परोपकारापेक्षा सामान्यतः कडक, एवढेच. एका खुनाने पाच खून टळत असतील तरी तो एक का करू नये, हा पेच मात्र रॉस यांच्यानंतरही उरतो. काही जण वाचणाऱ्या जिवांची संख्या एका उंबरठ्याला पोचेपर्यंतच बंधन मानतात. पण उंबरठा नेमका किती जिवांवर, आणि एक जीव कमी असताना का नाही, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

भारतीय परंपरेत जवळची चर्चा मीमांसेत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या दर्शनात आहे. विधिवाक्य (‘अमुक करावे’ असे सांगणारे वाक्य) माणसाला प्रवृत्त करते ते कशाने? प्रभाकर ‘कार्य’ किंवा नियोगाची (आज्ञेची) जाणीव सांगतो, मंडनमिश्र इष्टसाधनता, म्हणजे ती कृती हव्या त्या फळाचे साधन असणे. प्रभाकर परंपरेने मीमांसक कुमारिलाचा शिष्य, पण काही अभ्यासक त्याला आधीचा मानतात; दोघेही साधारण सातव्या शतकाच्या आसपासचे. लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या गीतारहस्यात कांट व इंग्रज तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन यांच्या मतांशी गीतेचा कर्मयोग ताडून पाहिला. मात्र कांटचे कर्तव्य विवेकशील जीवमात्राला समान असते, गीतेतला स्वधर्म वर्णाशी बांधलेला असतो. गीता चातुर्वर्ण्याला तात्त्विक आधार देते ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची टीका याच फरकावर बोट ठेवते : कर्तव्य निष्कामपणे करा असे सांगताना ते कर्तव्य कोणी आणि कशावरून ठरवले, हा प्रश्न सुटत नाही.