‘सुरुंगरोधक’ नेमके काय रोखते? पोलादी कवचामागची पार्श्वभूमी

सतराव्या शतकातील अनेक युरोपीय छातीकवचांवर एक गोल खळगा दिसतो. तो लढाईतला नसतो. कवच घडवणाऱ्यानेच त्यावर गोळी झाडून ‘हे तपासले आहे’ अशी ती खूण सोडलेली असे. कवचाच्या धंद्यात ‘प्रूफ’चा अर्थ एवढाच होता: कसोटीला उतरलेले. मराठीत हा शब्द ‘रोधक’ होऊन आला आणि वाटेत कसोटी गळून पडली. ‘भूसुरुंगरोधक वाहन’ वाचले की सुरुंग फुटला तरी आतल्यांना काही होणार नाही, असे वाटते. किती किलो, कुठे पुरलेला, कोणत्या मातीत, हे कोणी विचारत नाही. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

पोलादी कवचाचे शास्त्र आधी गोळ्यांच्या आणि तुकड्यांच्या बाजूने वाढले. १८९०च्या दशकात युद्धनौकांच्या प्लेटच्या पुढच्या थरात कार्बन मुरवून तो कडक करण्याची पद्धत रुळली. गोळा पुढच्या कडक थरावर फुटावा आणि मागच्या चिवट थराने धक्का पचवावा, अशी ती विभागणी होती. फुटलेल्या तोफगोळ्याचा प्रत्येक तुकडा वेगळ्या आकाराचा असल्याने चाचणी तशीच्या तशी पुन्हा करता येत नाही. म्हणून पुढे ठरावीक मापाचा नकली तुकडा आला. त्यातला सर्वपरिचित म्हणजे २० मिमी व्यासाचा, छिन्नीसारख्या तोंडाचा, ५३.८ ग्रॅमचा पोलादी दंडगोल. ९६० मीटर प्रतिसेकंद वेगाने तो आला तर त्याच्यापाशी सुमारे २५ किलोज्यूल ऊर्जा असते.

या चाचणीतून जो आकडा निघतो त्याला व्ही-५० म्हणतात. प्लेटवर हा तुकडा कमी-जास्त वेगाने झाडत जायचे. आरपार न गेलेल्यांपैकी सर्वाधिक वेगाचे तीन आणि आरपार गेलेल्यांपैकी सर्वांत कमी वेगाचे तीन निवडायचे आणि सहांची सरासरी काढायची. त्या वेगाने आलेल्या दर दोन तुकड्यांपैकी एक आत शिरणार, एवढेच हा आकडा सांगतो. खरेदीच्या कागदांवर मात्र तो ‘इतक्या वेगापर्यंत सुरक्षित’ असा वाचला जातो.

त्यात ‘आरपार’ म्हणजे काय, यावरही एकमत नव्हते. अमेरिकी व्यवहारात तीन व्याख्या शेजारी शेजारी नांदल्या. पहिलीत प्लेटच्या मागच्या बाजूला पडलेल्या चिरेतून उजेड दिसला तरी पुरे. दुसरीत तुकडा अख्खा पलीकडे जायला हवा. तिसरीत प्लेटमागे सुमारे १५० मिमीवर अर्ध्या मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा साक्षीपत्रा उभा करतात. चाचणीनंतर तो दिव्यासमोर धरायचा आणि एका टाचणीएवढ्या भोकातून उजेड आला तरी प्लेट नापास. भोक तुकड्याने पाडले की प्लेटच्याच मागून सुटलेल्या कपच्याने, याला महत्त्व नाही, कारण आत बसलेल्याला दोन्ही सारखेच. पण एकाच प्लेटचा व्ही-५० या तीन व्याख्यांनी तीन निघू शकतो, आणि जाहिरातपत्रकात व्याख्या छापलेली नसते.

स्फोटाच्या दाबाचा हिशेब वेगळ्याच वहीत चालत होता. तो दारूगोळ्याची कोठारे आणि हवाई हल्ल्यांपासूनचे निवारे बांधणाऱ्यांचा. (मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी जहाज फुटले तेव्हा जहाजाचे पोलादच तुकडे होऊन शहरावर कोसळले. अग्निशमन सेवा सप्ताह याच तारखेपासून पाळतात. पोलाद वाचवते तसे मारतेही, हा धडा या वहीत तेव्हाच लिहिला गेला होता.) ब्रिटनमध्ये १९३९च्या सुरुवातीपासून घरोघरी दिलेला पन्हळी पत्र्याचा निवारा सुमारे सव्वा मीटर जमिनीत गाडून वर किमान ४० सेंमी माती टाकायची होती. तिथे खरे काम मातीचे होते, पत्रा फक्त तिला आकार देत होता. १९४१ मध्ये घरात ठेवायचा टेबलासारखा पोलादी पिंजरा आला: सहा फूट सहा इंच लांब, चार फूट रुंद, अडीच फूट उंच, वरची प्लेट जेमतेम ३ मिमीची, बाजूंना जाळी. ३५९ भाग आणि सोबत तीन अवजारे, जोडणी घरच्यांनीच करायची. स्फोट थेट झेलणे हे त्याचे काम नव्हते. घराचा मजला अंगावर आला तर पिंजऱ्याने वाकायचे आणि वाकण्यातच ती ऊर्जा खर्ची घालायची. जबर पडझड झालेल्या ४४ घरांच्या पाहणीत अशा पिंजऱ्यांतल्या १३६ जणांपैकी तिघे दगावले. वाकलेला पिंजरा म्हणजे नापास पिंजरा, ही समजूत तिथे मोडली. निदान अभियंत्यांपुरती.

हा मुद्दा आकड्यांत सोपा आहे. जवळच्या स्फोटाचा दाब इतका अल्पकाळ टिकतो की प्लेटला बसतो तो एक धक्का, म्हणजे आवेग. तो धक्का प्लेटला वेग देतो. आवेग तोच ठेवून जाडी दुप्पट केली तर वेग निम्मा होतो आणि वाकून जिरवायची ऊर्जाही निम्मी होते. म्हणून स्फोटासमोर जडपणा कामी येतो. पण १० मिमी प्लेटचे वजन चौरस मीटरला ७८.५ किलो, २० मिमीचे १५७. गाडीच्या बाबतीत हा हिशेब लवकरच एंजिनाशी आणि पुलांशी भांडू लागतो.

प्लेट हरते ती तीन प्रकारे. १९७३ मध्ये दोन्ही टोकांना घट्ट पकडलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर स्फोटक लावून झालेल्या प्रयोगांतून आलेली ही विभागणी आजही वापरात आहे. आधी पट्टी नुसतीच खोल वाकते. आवेग वाढला की आधाराशी ताणून फाटते. आणखी वाढला की वाकायलाही वेळ मिळत नाही, आधाराशी कात्रीने कापल्यासारखी तुटते. पुढे पोलादी प्लेटवरही हेच दिसले. शेवटच्या दोन प्रकारांत मधोमध जाडी घालून फार काही साधत नाही, कारण घात होतो तो काठाशी, म्हणजे गाडीत वेल्डपाशी.

कडक पोलाद आणि चिवट पोलाद यांची ओढाताण इथेच लागते. तुकडा अडवायला कडकपणा हवा. अतिकडक कवचपोलादाचा ब्रिनेल आकडा (कडकपणाचे माप) ४७७ ते ५३४ असतो. पण तेच पोलाद अचानक आदळलेल्या बोथट तुकड्यापुढे कधी कधी वेगळेच वागते. कातर, म्हणजे थर एकमेकांवरून सरकणे, एका अरुंद पट्ट्यात एकवटते, उष्णतेला बाहेर पडायला वेळ नसतो, तो पट्टा तापून मऊ होतो आणि प्लेटमधून बुचासारखी चकती सुटते. आत शिरते ती ही चकती. स्फोटासमोर हवा असतो न फाटता ताणला जाण्याचा गुण, जो कडकपणा वाढवताना कमी होतो. साध्या पोलादाला वेगवान भाराखाली एक बक्षीस मिळते: विकृतीचा दर, म्हणजे ताणले जाण्याचा वेग, सेकंदाला ४०च्या आसपास गेला की त्याची झुकण्याची ताकद (कायमचे वाकू लागण्याआधी तग धरण्याची) जवळपास दुप्पट होते. कवचपोलादाला हे बक्षीस फारच थोडे मिळते. साध्या पोलादाचा गुणक कवचपोलादाच्या गणितात टाकला की कागदावर गाडी वाचते.

वेल्डचे दुखणे कारखान्यात रोजचे आहे. ताव दिलेले कवचपोलाद वेल्डच्या उष्णतेने शेजारच्या पट्ट्यात मऊ पडते, तिथून तुकडाही लवकर जातो आणि स्फोटाची फाटही तिथेच धरते. हायड्रोजन अडकला तर तडा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी पडतो. म्हणून तपासणी ४८ तासांनी करायची असते. प्लेट आधी गरम करणे, कोरडी वेल्डिंग सळई, ऑस्टेनिटिक स्टेनलेसची भरणी, गॅसने कापलेली कड घासून घेणे, हे सगळे त्यासाठीच. घाईच्या मागणीत पहिला बळी या ४८ तासांचा जातो.

तुकड्यांची आणि स्फोटाची, या दोन्ही वह्या खऱ्या अर्थाने एकत्र आल्या त्या १९७०च्या दशकात, ऱ्होडेशिया (आजचा झिंबाब्वे) आणि दक्षिण आफ्रिकेच्या कच्च्या रस्त्यांवर. उत्तर निघाले ते इंग्रजी व्ही अक्षरासारख्या पोटाचे. पोट जमिनीपासून उंच, बाजू तिरक्या, म्हणजे गरम वायू आणि उडालेली माती बाजूने निसटते. चाके आणि आस (ॲक्सल) उडून जाण्यासाठीच बोल्टने जोडलेले, आत माणूस पट्ट्याने जखडलेला. १९७९च्या सुमारास आलेल्या प्रसिद्ध दक्षिण आफ्रिकी गाडीची कसोटी होती चाकाखाली २१ किलो आणि पोटाखाली १४ किलो टीएनटी हे स्फोटक. हे आकडे आकाशातून पडले नव्हते. त्या भागातल्या कारखानी रणगाडाविरोधी सुरुंगात सुमारे ७ किलो स्फोटक असे, म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन आणि दोन सुरुंग. नाटोच्या नंतरच्या प्रमाणात ६, ८ आणि १० किलो अशा पायऱ्या आहेत. तिथे मातीही ठरलेली, पाण्याने भिजलेली रेती-खडी आणि वर १०० मिमी थर. ओली माती कोरडीपेक्षा जास्त आवेग वर फेकते. सुरुंग कोणत्या मातीत तपासला हे न सांगणारा किलोचा आकडा म्हणूनच अर्धवट. शिवाय प्लेट फाटली नाही म्हणजे गाडी पास, असे नाही: चाचणीत माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या नडगीवरचा भार ५.४ किलोन्यूटनच्या आत आणि कण्याच्या इजेचा निर्देशांक १७.७च्या आत राहावा लागतो. खालची प्लेट क्षणभर वर फुगते आणि परत येते. त्या क्षणी पाय तिच्यावर टेकलेले असतील तर घोटे मोडतात, नंतर मोजला तर मात्र फुगवटा थोडाच दिसतो. म्हणून आसने छताला किंवा बाजूंना टांगतात.

ही रचना भारतात आली ती सुरुंगासाठी ठरलेले आकडे घेऊनच. बस्तर आणि गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढताना मात्र समोर कारखानी सुरुंग नव्हता. रस्त्याखाली पुरलेल्या हाताने भरलेल्या स्फोटकाला ७ किलोची मर्यादा कोणी घातली होती? सप्टेंबर २००५ मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात असेच वाहन उडवले गेले, २४ जण गेले. ‘चाकांवरच्या शवपेट्या’ हा शब्दप्रयोग सुरक्षादलांच्या वर्तुळातच रुळला आणि मोहिमेवर पायीच जायचे, गाडी टाळायची, हा नियम घट्ट झाला. पायी जाण्याचा निर्णय डावपेच म्हणून योग्यच होता. पण त्यातून गाडी खोटी ठरली, हे म्हणणे खरे नाही. गाडी आपल्या आकड्याशी प्रामाणिक होती, तो आकडा तिला चुकीच्या ठिकाणी नेऊन विचारला गेला. ढोबळ घनमूळ नियमाने स्फोटक आठपट झाले तर तोच परिणाम दुप्पट अंतरावर होतो. १० किलोसाठी बांधलेल्या गाडीला ८० किलो झेलायचे तर पोट ४० सेंमीऐवजी ८० सेंमी वर न्यावे लागेल आणि मग ती वळणावर उलटेल. इराक-अफगाणिस्तानसाठी २००७ नंतर हजारोंनी घेतलेल्या अमेरिकी गाड्यांना उलटण्याचा त्रास झालाच.

१ मे २०१९ रोजी गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ १५ पोलीस आणि चालक मारले गेले, ते खासगी गाडीत होते. त्या दिवशी रोधक-अरोधक हा वाद लागूच नव्हता, कारण गाडीखाली कवच नव्हतेच. तरी त्यानंतरच्या बातम्यांत आणि चर्चांत ‘सुरुंगरोधक गाड्या का दिल्या नाहीत’ आणि ‘त्या तरी कुठे वाचवतात’ ही दोन वाक्ये एकमेकांना छेदत राहिली, आणि दोन्हींत किलोचा आकडा नव्हता.