खुलासा: वरून ओतलेलं पाणी खालच्या रोपाला मिळतंच असं नाही

उभ्या पीव्हीसी पाइपाला भोकं पाडून त्यांत स्ट्रॉबेरी लावायची, वरून तांब्याभर पाणी ओतायचं, ते झिरपत खालपर्यंत जातं, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात बरंचसं पाणी वरच्या दोन-तीन भोकांतूनच बाहेर येतं. आत भरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा सुकलं की आक्रसून पाइपापासून सुटतं. मग पाणी त्या फटीतून सरळ तळाशी जातं. खालून धार दिसते, आपण खूश, मधली मुळं कोरडीच.

उपाय आतल्या नळीचा, पाणी तिच्यातच ओतायचं. ६ इंची, ५ फूट पाइपाला होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) रोपांसाठी २ इंची भोकं पाडा, उभं अंतर ९ इंच, एकाआड एक सरकवून. मधोमध पाऊण इंची पाइप उभा करा, त्याचं खालचं तोंड एंड कॅपने बंद. ही कॅप विसरलात तर सगळा खटाटोप वाया! या आतल्या पाइपाला ३ मिमी भोकं: वरच्या अर्ध्यात दर २ इंचांवर, खालच्या अर्ध्यात ४ इंचांवर, कारण खाली दाब जास्त. वरून जुनी सुती साडी गुंडाळा, नाहीतर भोकं बुजतात.

भरताना दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे). थरागणिक ओलं करत दाबा.

रोपाचा क्राऊन, म्हणजे पानं फुटतात तो गड्डा, मिश्रणाच्या पातळीवरच हवा. पुरला की कुजतो. महाबळेश्वरची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लावा. ओल तपासायची ती मधल्या भोकात बोट घालून.