ब्लॅकबेरीचा जॅम आणि मेणाचे झाकण

माणूस ब्लॅकबेरी लावायला फार उशिरा शिकला, खात मात्र कधीपासूनच आला. डेन्मार्कच्या दलदलीत १८३५ मध्ये एका स्त्रीचे शव सापडले, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले. तिच्या पोटात भरड धान्याबरोबर ब्लॅकबेरी निघाली. त्यानंतर बरीच शतके रीत तीच राहिली: काट्यांतून हात घालून तोडायची आणि लगेच संपवायची. हे फळ तोडल्यावर पुढे पिकत नाही, आणि थंड जागीही दोन-तीन दिवसांत बुरशी धरते.

टिकवण्याला जोर आला तो साखर स्वस्त झाल्यावर, एकोणिसाव्या शतकात. बंद बाटली उकळून अन्न टिकवण्याची रीत १८१० मध्ये छापून आली, आट्यांच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट १८५८ चे. तरी पुढे कितीतरी घरांत जॅमवर झाकण होते ते पॅराफिन मेणाचे.

वाद आहे तो याच मेणावरून. गरम जॅम काचेच्या भांड्यात भरायचा आणि वर वितळलेले मेण ओतायचे. दिसायला चोख काम. पण मेण गार होताना आकसते, काठाशी केसाएवढी फट पडते आणि तिच्यातून जांभळ्या पाकाचा थेंब वर येतो. थेंब दिसला की समजावे, हवा आत शिरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारी मार्गदर्शिकांनी मेण बाद केले आणि झाकण लावलेली बरणी उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवायला सांगितले. ‘आम्ही बुरशी चमच्याने काढून जॅम खाल्ला, काही झाले नाही’ हे अजून ऐकू येते. मला ते पटत नाही. काही बुरश्या विष तयार करतात, आणि ज्या आंबटपणाच्या भरवशावर जॅम टिकतो तोही कमी करतात.

जॅम आळण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा. पूर्ण पिकलेल्या फळात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, कमी; म्हणून पाव हिस्सा लालसर, अर्धवट पिकलेली फळे घालतात किंवा सफरचंद.

घरोघरी फ्रीझर आल्यावर घाई सरली. फळे धुऊन कोरडी करायची, ताटात सुटी पसरून गोठवायची, मगच पिशवीत भरायची. नाहीतर एकच गोळा होतो. गोठवल्यावर फळातले काही मणी लाल दिसतात. ते कच्चे नसतात, पेशी फुटून त्यांचा रंग बदललेला असतो. ‘पाय’मध्ये, म्हणजे फळे भरून भाजलेल्या पेस्ट्रीत, ही फळे न वितळवता तशीच पडतात, आणि जॅम आता भर हिवाळ्यातही करता येतो.