एक्सचेंजवर गेलं की सेमिस्टर वाया जातं?

'युरोपात शिकताना एक्सचेंजवर दुसऱ्या देशात गेलात, तर तिथले विषय धरत नाहीत, वर्ष वाया जातं' हे वाक्य बरीच वर्षं फिरतं आहे. घरच्यांचे कष्टाचे पैसे लागलेले असताना ही भीती वाटणं साहजिकच आहे.

विद्यार्थ्यांना काही काळ दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकायला पाठवणारी युरोपातली इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली आणि १९८९ पासून क्रेडिटची, म्हणजे अभ्यास मोजायच्या एककांची, सामायिक पद्धत आकाराला आली. पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, सेमिस्टरचे ३०. बार्सिलोनात मिळवलेले क्रेडिट म्युनिकमध्ये मोजता यावेत, हाच तिचा हेतू.

खरी चावी आहे 'लर्निंग ॲग्रीमेंट' हा कागद. त्यात एका तक्त्यात तिथे घेणार ते विषय, दुसऱ्यात त्यांच्या बदल्यात आपल्या विद्यापीठात पूर्ण झाले असं धरले जाणारे विषय. खाली तीन मंजुऱ्या: विद्यार्थ्याची, आपल्या विद्यापीठाची, यजमान विद्यापीठाची. निघण्याआधी हा दुसरा तक्ता नीट वाचा. तो अर्धवट असेल तर पुढे जाऊ नका.

मग काहींचे क्रेडिट अडकतात कसे? तिथे पोचल्यावर तास एकमेकांवर येतात, मुलं विषय बदलतात, पण तो बदल कागदावर मंजूर करून घ्यायचा राहतो. शिवाय नापास झालेल्या विषयाचे क्रेडिट मिळत नाहीत.

यजमान विद्यापीठ शिकवणीची फी घेत नाही. आपली नेहमीची फी मात्र चालू राहू शकते. योजनेत सहभागी विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश असेल, तर भारतीय पासपोर्टवरही अर्ज करता येतो. फक्त दुसऱ्या देशात राहण्याचा परवाना आधी तपासा.