निमॅटोडच्या पाठीवर बसलेला जिवाणू

टोमॅटोची झाडं दुपारी माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा तरारतात. खत-पाणी करूनही वाढ मात्र खुंटलेली. शिरोळ-हातकणंगलेकडच्या भाजीपाल्याच्या रानात असं दिसलं, की कुणी खताचा डोस वाढवतं, तर कुणी बांधावर काळी बाहुली टांगतं. त्यापेक्षा एक रोप उपटून मुळं धुवून बघावीत. भुईमुगाच्या नत्राच्या गाठी मुळाला बाजूनं चिकटलेल्या असतात, नखानं सुटतात, आत गुलाबी निघतात. निमॅटोडची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमीची, गाठ सुटत नाही, कारण तिथं मूळच सुजलेलं असतं.

या सूत्रकृमीचं पिल्लू जेमतेम ०.४ मिलिमीटर लांब. ते मुळाच्या शोधात मातीतून सरकतं, आणि वाटेत पाश्चुरिया पेनेट्रन्स या जिवाणूचे बीजाणू पडलेले असतात. बीजाणूला स्वतःहून हलता येत नाही. पिल्लू घासून गेलं, की गवतातली कुसळं धोतराला लागावीत तसे ते त्याच्या त्वचेला चिकटतात. तेही कुणालाही नाही. बीजाणूवरचे तंतू आणि त्वचेचा पृष्ठभाग जुळला तरच. त्यामुळे एका रानातला जिवाणू दुसऱ्या रानातल्या निमॅटोडला चिकटेलच असं नाही.

चिकटल्यावर तो लगेच आत शिरत नाही! पिल्लू मुळात घुसून रस शोषायला लागलं, की मगच बीजाणू रुजतो आणि त्याची नळी त्वचा भेदते. मादी जगते, फुगते, पण तिची अंडी मात्र जवळजवळ होतच नाहीत. एरवी शेकडो अंडी घालणाऱ्या मादीच्या पोटात वीस लाखांच्या आसपास बीजाणू भरतात आणि मूळ कुजलं की मातीत मिसळतात. गंमत अशी, की पिल्लावर पाच-दहा बीजाणू असले तर जिवाणूचं साधतं. त्याहून फार झाले तर पिल्लाला धड हलताच येत नाही, ते मुळापर्यंत पोचत नाही. पीक वाचतं, पण जिवाणूची पुढची पिढी बुडते.

अडचण एवढीच, की निमॅटोडशिवाय हा जिवाणू वाढवणं फार कठीण. म्हणून दुकानात सहसा मिळतात ते बॅसिलस नाहीतर स्युडोमोनास, हे वेगळेच जिवाणू. मुळाभोवती राहून निमॅटोडला जाच करणारे. पॅसिलोमायसिस तर बुरशी आहे, तीही ‘जिवाणू’ म्हणूनच खपते. ‘एका आळवणीत (मुळाशी औषधाचं पाणी ओतून) निमॅटोड साफ’ असं कुणी म्हणालं, तर बाटली फिरवून आत नेमकं कोण आहे आणि मुदत कधी संपते ते आधी वाचावं. मेलेले जिवाणू आळवून फक्त पाणी दिल्यासारखं होतं.