तेच बेअरिंग पुन्हा का जातं?

इंजिन उघडलं, गेलेलं बेअरिंग काढून नवं टाकलं, इंजिन पुन्हा बांधलं. थोड्याच दिवसांत खालून तोच ठोका ऐकू येऊ लागतो. ताकद वाढवण्यासाठी फेरफार केलेल्या इंजिनांत हे वारंवार घडतं. मग आणखी महागडं बेअरिंग आणलं जातं, आणि तेही जातं.

नीट चालणाऱ्या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा, बेअरिंगला टेकतच नाही. ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) साधारण ०.०५ मिलिमीटर क्लिअरन्स, म्हणजे फट, ठेवतात. फिरणारा क्रँक या चिंचोळ्या फटीत ऑइल ओढून घेतो, तिथे प्रचंड दाब तयार होतो आणि क्रँक ऑइलच्या थरावर तरंगतो. पंप फक्त ऑइल तिथवर पोचवतो, भार पेलणारा दाब फिरण्यातूनच येतो. हा थर तुटला की धातूवर धातू घासतो, बेअरिंग तापतं आणि अखेर आपल्या जागेतच फिरतं.

थर तुटण्याचं एक कारण बेअरिंगपासून बरंच दूर, ऑइल चेंबरमध्ये असतं. चांगली पकड असलेले टायर लावून गाडी वळणावर १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं, त्वरण सोसू लागली, की चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. ऑइल एका बाजूला चढतं आणि पिकअपच्या (पंपासाठी ऑइल ओढणाऱ्या नळीच्या) तोंडाशी हवा येते. पंप ती हवा इमानेइतबारे पुढे ढकलतो. म्हणून टायर बदलताना चेंबरमध्ये ऑइल अडवणारे पडदे बसवायला हवेत, असं मला ठामपणे वाटतं. दुसरं कारण आधीच्या बिघाडाचं उरलेलं: झिजलेल्या धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये आणि क्रँकच्या आतल्या छिद्रांत दडून राहतो आणि नव्या बेअरिंगवर येतो. कूलर धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा बदललेला बरा.

आता वेगाचं पाहू. ८६ मिलिमीटर स्ट्रोकच्या (पिस्टनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रवासाच्या) इंजिनात ७००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ७००० फेऱ्यांना, पिस्टन वरच्या टोकाला पोचतो, तेव्हा त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३००० पट असतं. ४०० ग्रॅमचा पिस्टन त्या क्षणी त्याला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडला सुमारे १.२ टन वजनाइतक्या जोराने वर ओढतो. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे मर्यादा ६००० वरून ७५०० वर नेली की तो दीडपटीहून जास्त होतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी तर पिस्टनला खाली दाबणारा ज्वलनाचा दाबही नसतो. सगळा ताण रॉडची खालची कॅप धरून ठेवणाऱ्या दोन बोल्टवर येतो.

बोल्ट इथे ताणलेल्या स्प्रिंगसारखा काम करतो. त्याची पकड बाहेरच्या ओढीपेक्षा कमी पडली, तर जोड प्रत्येक फेरीला किंचित उघडतो आणि बोल्ट थकून तुटतो. टॉर्क रेंचचा आकडा मात्र फसवा असतो, कारण लावलेल्या टॉर्कचा बहुतांश भाग घर्षणातच जातो. आटे कोरडे की ऑइल लावलेले, यावर खरी पकड बदलते. रॉड बोल्ट किती लांबला हे मायक्रोमीटरने मोजणं जास्त भरवशाचं.

बेअरिंगखेरीज पिस्टन रिंगचंही (पिस्टनभोवतीच्या, टोकांत फट असलेल्या कड्यांचं) गणित सोपं आहे, तरी ते चुकतं. ८६ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) रिंगचा परीघ सुमारे २७० मिलिमीटर. टर्बो बसवल्यावर रिंग आधीपेक्षा १०० अंश जास्त तापली, तर ती ०.३ मिलिमीटरने लांबते. टोकांमध्ये तेवढी जास्तीची फट नसेल तर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये रुतते आणि पिस्टनचा काठ उडतो.

बेअरिंग जाण्याची कारणं अशी वेगवेगळी असतात, म्हणूनच इंजिन उघडल्यावर जुनी शेल (बेअरिंगचे अर्धगोल भाग) फेकू नयेत. सिलिंडरचा क्रमांक घालून ती ओळीने मांडावीत. ज्वलनाचा धक्का रॉडकडचं वरचं शेल सोसतं, तर पिस्टनची ओढ कॅपकडचं खालचं. वरचं चेपलेलं दिसलं तर इग्निशन टायमिंग आणि नॉकिंग (इंधनाचं अनियंत्रित, धक्का देणारं ज्वलन) तपासावं, खालचं झिजलेलं असेल तर आरपीएमची मर्यादा. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलाय का, ते आधी पाहावं. नवं बेअरिंग त्यानंतर.